परवाना, पण घटकाभराचा

उर्दूत 'परवाना' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आपल्या मराठीनं फार पूर्वीच उचलला : लेखी परवानगी. दुसरा शायरीतला : दिव्यावर झेप घेणारा पतंग, ज्याचं आयुष्य घटकाभराचं. आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, तिला संगणकाच्या जगात 'सिक्युरिटी टोकन' म्हणतात. तिला हे दोन्ही अर्थ लागू पडतात. ती परवानगी आहे आणि ती अल्पायुषीही आहे. कविता करणाऱ्या माणसानं या विषयात कशाला पडावं, असं कुणी म्हणेल. पण बँकेतले पैसे, रेल्वेचं तिकीट, रेशनचं धान्य हे सारं आता अशाच परवान्यांवरून हलतं. त्यामुळे तो काय असतो, हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक हवं.

आधी अडचण समजून घेऊ. तुम्ही मोबाईलवर बँकेचं खातं उघडता, तेव्हा तुमचा मोबाईल दूरच्या एका संगणकाला प्रश्न विचारतो आणि तो उत्तर देतो. शिल्लक किती? एक प्रश्न. मागचे व्यवहार दाखव. दुसरा प्रश्न. गंमत अशी, की हा दूरचा संगणक, म्हणजे सर्व्हर, स्वभावानं विसराळू असतो. पहिला प्रश्न विचारणारा आणि दुसरा विचारणारा एकच आहे, हे त्याच्या लक्षात राहत नाही. वेबची रचनाच तशी आहे. मग प्रत्येक वेळी ओळख पटवायची कशी? दर प्रश्नासोबत पासवर्ड पाठवला, तर तिजोरीची किल्ली हातात घेऊन भरबाजारात हिंडण्यासारखं होईल. कुठं तरी, कधी तरी ती कुणाच्या नजरेस पडणारच.

यावर तोडगा निघाला तो असा : किल्ली एकदाच दाखवायची आणि तिच्या बदल्यात एक चिठ्ठी घ्यायची. पुढे सगळीकडे चिठ्ठीच दाखवायची. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९८३ मध्ये 'अथेना' नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यातून 'कर्बेरॉस' ही पद्धत जन्मली. ग्रीक पुराणात पाताळाच्या दारावर बसलेल्या तीन तोंडांच्या कुत्र्याचं हे नाव. तिथं या चिठ्ठीला 'तिकीट' म्हणत आणि तिकिटाला मुदत असे. पुढे २००४ मध्ये वेबसेवांच्या संदेशात अशी चिठ्ठी कुठं आणि कशी ठेवायची, याचं 'डब्ल्यूएस-सिक्युरिटी' हे प्रमाण ठरलं. २०१२ मध्ये 'ओऑथ २.०' आलं आणि २०१५ मध्ये 'जेसन वेब टोकन', म्हणजे 'जेडब्ल्यूटी', या नावाची चिठ्ठी प्रमाण म्हणून मान्य झाली.

या जेडब्ल्यूटीचे तीन भाग असतात, मध्ये टिंबं. ते समजून घ्यायला आपल्याकडचाच 'शिक्कामोर्तब' हा शब्द पुरतो. जुन्या मराठी कागदावर शिक्का असे, मजकूर असे, आणि मजकूर संपला तिथं मोर्तबाची लहान मुद्रा उमटवत. त्यामुळे खाली नंतर कुणाला एक ओळही घुसडता येत नसे. टोकनचंही तसंच. पहिल्या भागात सही कोणत्या रीतीनं केली ते असतं. दुसऱ्या भागात मजकूर : हा परवाना कुणाचा, कुणी दिला, कुणासाठी दिला, कधी संपेल. तिसऱ्या भागात सही. ही सही गुप्त किल्ली आणि मजकूर यांच्या गणितातून निघते. मजकुरातलं एक अक्षर जरी बदललं, तरी सही जुळत नाही.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. मोर्तब म्हणजे कुलूप नव्हे. साधारण टोकनमधला मजकूर कुणालाही उलगडून वाचता येतो. फक्त तो बदलता येत नाही. म्हणून जाणता प्रोग्रामर टोकनमध्ये पासवर्ड किंवा आजाराची माहिती लिहीत नाही.

आता दारावरच्या पहारेकऱ्याकडे वळू. चिखलदऱ्याला येणारा पाहुणा गाविलगड पाहिल्याशिवाय परत जात नाही. बाहेरचा कोट, मग आतला कोट, एकामागून एक दरवाजे. डिसेंबर १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेनं बाहेरच्या कोटाला खिंडार पाडलं, पण आतला दरवाजा अडून राहिला. शेवटी काही शिपाई तट चढून आत उतरले आणि त्यांनी तो दरवाजा आतून उघडला. प्रोग्रामरनं घ्यावा असा हा धडा आहे. बाहेरच्या दारावर एकदा तपासलं म्हणून आतल्या दारांनी निर्धास्त राहू नये. प्रत्येक सेवेनं परवाना पुन्हा पाहावा : सही खरी आहे का, मुदत शिल्लक आहे का, आणि हा परवाना माझ्याच दरवाजासाठी आहे का?

पहारेकरी भोळा असला तर काय होतं, त्याचाही दाखला आहे. टोकनच्या पहिल्या भागात सहीची रीत लिहिलेली असते, हे मघा सांगितलं. तिथं 'सही नाही' असंही लिहिता येतं. २०१५ मध्ये उघड झालं, की टोकन तपासणारी काही तयार साधनं अशी बिनसहीची टोकनंही खरी मानत होती. म्हणजे पत्रावर लिहिलं, 'या पत्राला मोहर लागत नाही', आणि पहारेकऱ्यानं ते वाचून दार उघडलं! तेव्हापासून नियम पक्का झाला : कोणती मोहर चालेल हे पत्रानं सांगायचं नाही, दरवाजानं ठरवायचं.

बहुतेक टोकनं एसटीच्या तिकिटासारखी असतात. ज्याच्या हाती, त्याचं. त्यावर चेहरा नसतो. म्हणून ते बंद वाटेनंच, म्हणजे 'एचटीटीपीएस'नंच पाठवायचं, आणि त्याचं आयुष्य थोडं ठेवायचं. चोरलं तरी चोराच्या हाती राख यावी. पतंगाची उपमा मी दिली ती यासाठी. तुमच्या मोबाईलवर येणारा ओटीपी हा याच घराण्यातला. तो फोनवर कुणाला सांगणं म्हणजे आतला दरवाजा आतून उघडून देणं.

परवान्यानं आपलं रक्षणही होतं. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑनलाइन दुकानांना तुमच्या कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही. त्याऐवजी टोकन ठेवावं लागतं. दुकानाची वही चोरीला गेली, तरी कार्ड शाबूत.

आता आपल्या डोंगराकडे येऊ. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिलं गेलं. आज रेशन दुकानातलं यंत्र बोटाचा ठसा घेतं, तो तिथंच कुलूपबंद करतं, त्यावर वेळ नोंदवतं. डिजिटल सहीनिशी ही विनंती दूरच्या सर्व्हरकडे जाते. उत्तर येतं : 'हो' किंवा 'नाही'.

मला बोलायचं आहे ते या 'नाही'बद्दल. वेबच्या भाषेत नकाराचे वेगवेगळे आकडे आहेत. ४०१ म्हणजे तुझी ओळख पटली नाही. ४०३ म्हणजे ओळखलं, पण तुला मुभा नाही. ५०३ म्हणजे सेवाच सध्या बंद आहे. आधारच्या उत्तरातही कारणाचा आकडा असतो. ठसा जुळला नाही तर ३००. किती नेमकी ही भाषा! पण हे आकडे प्रोग्रामरला कळतात, आणि दुकानातल्या पडद्यावर ते सगळे 'अयशस्वी' या एकाच शब्दात बुडून गेले, तर समोरच्या माणसानं काय समजायचं? मेळघाटातल्या दरीतल्या गावात रेंज येते आणि जाते. जन्मभर माती उपसलेल्या कोरकू आजीच्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या असतात. रेंज नसणं हा काही तिचा दोष नाही, आणि रेघा झिजणं ही तर तिच्या कष्टाची सही आहे. दोन्ही वेळा तिनं खोटं काहीच सांगितलेलं नसतं.

ठसा जुळला नाही एवढ्यावरून लाभ नाकारला जाऊ नये, ही भूमिका २०१८ च्या आधार निकालातही नोंदली गेली आहे. ती प्रत्यक्षात उतरते ती पडद्यावरच्या एका ओळीतून. 'उत्तर आलं नाही, दुसऱ्या मार्गानं ओळख पटवा' अशी ओळ तिथं असली, तर दुकानदाराला वाट सापडते. नुसतं 'अयशस्वी' असलं, तर आजी रिकामी पिशवी घेऊन डोंगर चढते.

टोकन खोटं ठरवणं सोपं आहे, ते गणित आहे. पण टोकन खोटं ठरलं म्हणजे माणूस खोटा ठरत नाही. परवाना घटकाभरात संपतो. ज्याच्या नावानं तो काढला, तो माणूस मात्र दाराशी उभाच असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)