सुई एक, माणसं चार. रोगाला वाट मोकळी

देगलूरच्या आठवडी बाजारातून कणकण घेऊन घरी निघालेला माणूस डॉक्टरला पहिलं काय म्हणतो? "साहेब, गोळ्या राहू द्या, एक सुई टोचा. उद्या रानात जायचंय." सुई म्हणजेच औषध, ही समजूत आपल्या भागात खोल रुजली आहे. सुई वाईट नाही, पण ती आधी कोणाच्या अंगात गेली होती, हे विचारायला आपण विसरतो.

मणिपूरची गोष्ट ऐका. सप्टेंबर १९८९ पर्यंत तेथे नशेची सुई टोचून घेणाऱ्यांच्या तपासणीत एचआयव्ही सापडत नव्हता. पुढच्या सहा महिन्यांत निम्म्याजणांत सापडला! शेजारच्या ब्रह्मदेशातून हेरॉईन येत होते आणि चौघांत सुई एकच फिरत होती. वापरलेल्या सुईत रक्ताचा अंश राहतो आणि रोग त्याच्याबरोबर पुढच्याच्या अंगात जातो. देशपातळीवरील २०२१ च्या पाहणीत अशा लोकांपैकी शंभरात नऊजणांना लागण दिसली. सर्वसाधारण प्रौढांत हे प्रमाण हजारात दोनच्या आसपास आहे.

"ते तिकडं. आपल्याकडं कुठाय ती नशा?" असं कोणी म्हणेल. आपली पोरं कामाला मुंबई, पुणे, हैदराबादला जातातच. शिवाय सुई नशेचीच असावी लागत नाही. उत्तर प्रदेशातील बांगरमऊ येथे २०१८ साली चाळीसच्या आसपास गावकरी बाधित निघाले. गावोगाव फिरणारा एक भोंदू डॉक्टर एकच सिरिंज सगळ्यांना वापरत होता, असा आरोप झाला.

आता विषाणूच्या वाणाकडे वळू. तुरीचे जसे अनेक वाण, तसे एचआयव्हीचेही. हा विषाणू स्वतःची नक्कल काढताना सारखा चुकतो, म्हणून एकाच माणसाच्या अंगातही त्याची रूपे बदलत राहतात. महाराष्ट्रात बहुतेक रुग्णांत 'सी' प्रकार आढळतो. मणिपुरात 'बी' आणि 'सी' दोन्ही आले. एकाच्या अंगात दोन्ही शिरले, तर त्यांचा संकर होतो. असे संकर तेथे सापडलेही आहेत. फिरती सुई म्हणजे अशा संकराचे शेतच.

याच फरकावरून रोगाची वाटही कळते. कंबोडियातील रोका गावात २०१४ च्या अखेरीस दोनशेहून अधिक लोक बाधित निघाले. त्यांचे विषाणू तपासले, तर बहुतेक एकाच घराण्यातले! बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर जुळावा तसे. तेथेही परवाना नसलेल्या वैद्याची सुईच कारण ठरली.

उपचार आहे. सरकारी केंद्रांत एआरटीच्या गोळ्या २००४ पासून मोफत मिळतात. रोज वेळेवर घेतल्या, तर माणूस रानातली कामे करीत भरपूर जगतो. पण खाडा केला, तर अर्धवट फवारणीत वाचलेल्या अळीसारखा विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. सुईची नशा लागलेल्यालाही मार्ग आहे: सरकारी कार्यक्रमात नवी सुई मिळते, तसेच जिभेखाली ठेवायची गोळी देऊन हळूहळू सुई सोडवतात.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, गोळीने भागत असेल तर सुईचा हट्ट धरू नका. सुई लागलीच, तर पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला सांगा. त्यात लाजायचं काय? शंका असेल तर सरकारी रुग्णालयातील केंद्रात मोफत तपासणी करा किंवा १०९७ वर विचारा.

सरपंच, ग्रामसेवक आणि पोलीस पाटलांनी एक ध्यानात ठेवावे. सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाचे नाव त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, की त्याला काम, शाळा, उपचार नाकारता येत नाहीत. एका पंगतीत जेवल्याने हा रोग होत नाही. गावाने वाळीत टाकलेला माणूस मात्र तपासणीला येत नाही, आणि मग रोग लपून पसरतो. नाव झाका, सुई तपासा. गाव वाचेल.