ट्रेलर ओढेल, पण पेलेल का?

अमेरिकेतल्या आपल्या श्रोत्यांकडून उन्हाळा आला की एक प्रश्न हमखास येतो: आमची पिकअप ९,००० पौंड ओढते म्हणे, तर ट्रॅव्हल ट्रेलर केवढा घ्यावा? आम्ही उलट विचारतो, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर वाचलात का?

माणसं आणि सामान मिळून गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा पेलोड. ओढण्याची ताकद वेगळी, अंगावर घेण्याची वेगळी. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालत असला, तरी त्याचं साधारण १० ते १५ टक्के वजन गाडीच्या हुकावर टेकतं, आणि ते पेलोडमध्येच मोजायचं.

हिशोबच मांडू. जाहिरातीत ट्रेलर ५,००० पौंडांचा. पण ते रिकामं वजन! त्यात पाणी नाही, अंथरुणं-पांघरुणं नाहीत, आपला कुकर आणि तांदळाची पिशवी तर नाहीच. एक गॅलन पाणी साधारण ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंड वाढले. सगळं धरून ६,२०० समजू. त्याचे १३ टक्के म्हणजे ८०० पौंड हुकावर. जोडणीचं लोखंड १००, घरची चार माणसं ६००. झाले १,५००. बऱ्याच पिकअपचा पेलोड याच्याच आसपास असतो. ओढण्याच्या आकड्यात अजून २,८०० शिल्लक दिसतायत, आणि गाडी मात्र भरली. सायकली कुठे ठेवणार?

मग कुणीतरी शक्कल काढतो, सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवू, हुकावरचा भार कमी होईल. होतो ना, आणि खरा धोका तिथेच सुरू होतो. बैलगाडीत माल मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, हे आपल्याकडे कुठल्याही गाडीवानाला ठाऊक असतं. इथे वेग ताशी ६० मैलांचा. शेजारून मोठा ट्रक गेला की ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागतो, हेलकावा वाढत जातो आणि शेवटी ओढणाऱ्या गाडीलाच फिरवतो. म्हणून १० टक्क्यांच्या खाली उतरायचं नाही. भार वाटून देणारी हिच मिळते. ती काही वजन पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसांवर ढकलते. जरूर घ्या, पण तिच्यामुळे पेलोडचा आकडा वाढत नाही.

लांबीचं थोडक्यात: ट्रेलर जितका लांब आणि उंच, तितका आडवा वारा त्याला ढकलतो. आखूड गाडीमागे तीस फुटी ट्रेलर नको.

ट्रक स्टॉपवर वजनकाटे असतात. पहिल्या सहलीला माणसं, सामान, पाणी सगळ्यांसकट त्यावर गाडी उभी करा. पुढचा आस, मागचा आस आणि ट्रेलर, अशी वजनं वेगवेगळी मिळतात. मागच्या आसाची मर्यादा ओलांडली गेली असेल आणि पाण्याची टाकी ट्रेलरच्या आसांच्या पुढे असेल, तर आधी ती रिकामी करा. पाणी कॅम्पग्राउंडवर भरता येतं.