लॅपटॉप घेताय? किंमत बघण्याआधी रॅम बघा, नाहीतर चुकाऱ्याचे पैसे जातील पाण्यात

वर्धा : कापसाचा, सोयाबीनचा चुकारा हाती आला की घरात आधी उधारी फेडायचा विषय निघतो. त्यानंतर आता बऱ्याच घरी एकच मागणी असते, पोरीला नाहीतर पोराला लॅपटॉप पाहिजे. मग वर्ध्याचं, हिंगणघाटचं दुकान, नाहीतर थेट नागपूरची बर्डी. दुकानात नजर जाते ती सगळ्यात कमी किमतीवर. छोटा आहे, हलका आहे, पंधरा-वीस हजारांत बसतो. घरी आणला की चार महिने बरा चालतो आणि मग एक पान उघडायला दोन-दोन मिनिटं लागतात. असा लॅपटॉप बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. घेतानाच तो कामाला अपुरा असतो.

आधी काम ठरवा

सातबारा बघणं, बाजारभाव, हवामान एवढंच काम असेल तर लॅपटॉपची गरज नाही. ई-पीक पाहणी तर मोबाईलवरूनच होते. तेवढ्यासाठी पैसे अडकवू नका.

अभ्यास, एमएस-सीआयटीचा सराव, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म, बचत गटाचा हिशोब, मराठी टायपिंग यासाठी मात्र लॅपटॉप कामाचा आहे आणि त्याला छोटा लॅपटॉप पुरतो. पोरगं अभियांत्रिकीला असेल तर आधी कॉलेजात विचारा. नकाशे काढायचे भारी सॉफ्टवेअर छोट्या लॅपटॉपवर ओढत नाहीत.

रॅम म्हणजे खळं, स्टोरेज म्हणजे कोठी

खळं छोटं असलं तर माल कितीही असो, एकावेळी थोडाच काढता येतो. रॅमचं तसंच आहे. विंडोज ११ चालायला कमीत कमी ४ जीबी रॅम लागते असं कंपनीच सांगते, पण ते नुसतं सुरू होण्यापुरतं. त्यात ऑनलाईन क्लास, दोन-तीन पानं आणि एक्सेल उघडलं की गाडी अडकते. म्हणून ८ जीबीच्या खाली जाऊ नका.

बऱ्याच छोट्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, ती मागून वाढवता येत नाही. "पुढे वाढवून देऊ" असं दुकानदार म्हणाला तर रिकामा स्लॉट आहे का ते विचारा आणि तसं बिलावर लिहून घ्या.

कोठी म्हणजे स्टोरेज. स्वस्त लॅपटॉपवर "६४ जीबी ईएमएमसी" लिहिलेलं असतं. त्यातली बरीचशी जागा विंडोजच खातं, मग अपडेट यायला जागा उरत नाही. ईएमएमसी वेगातही कमी पडते. "एसएसडी" लिहिलेलं घ्या, २५६ जीबी असली तर रोजच्या कामाला पुष्कळ झाली.

पडदा किती मोठा?

११.६ इंचाचा लॅपटॉप साधारण एक किलोचा असतो, दप्तरात सहज मावतो. पण त्यावर एक्सेलचा मोठा तक्ता पाहायचा म्हणजे डोळ्यांना त्रास, आणि त्याचे बटणंही बरेचदा जवळजवळ असतात. टायपिंगची परीक्षा द्यायची असेल तर १४ इंच बरा. वजन दीड किलोच्या आसपास, एसटीतून रोज नेता येतं. पडद्याला "फुल एचडी" आहे का तेही बघा, अक्षरं स्वच्छ दिसतात.

विंडोज की दुसरं काही?

ऑगस्ट २०२३ मध्ये जिओबुक १६,४९९ रुपयांना बाजारात आला. ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि स्वतःची वेगळी सिस्टीम. क्रोमबुकही असाच विंडोजशिवाय चालतो. इंटरनेटवर वाचणं, व्हिडिओ, लिहिणं यासाठी अशी यंत्रं चालतात. पण विंडोजसाठी बनवलेले प्रोग्राम त्यावर सरळ चालत नाहीत. सेवा केंद्र टाकायचा विचार असेल, अंगठ्याची मशीन किंवा डिजिटल सही जोडायची असेल, तर विंडोजवालाच घ्या.

मराठी टायपिंगसाठी वेगळे पैसे देऊ नका. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड फुकट मिळतो आणि अक्षरं युनिकोडमध्ये येतात.

जुना घ्यायचा असेल तर

कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप बाजारात भरपूर आहेत. नीट पारखून घेतला तर असा जुना माल त्याच पैशातल्या स्वस्त नव्या लॅपटॉपपेक्षा चांगला चालतो. पण "आय ५ आहे" एवढ्यावर भुलू नका. त्यापुढचा आकडा वाचा. ७२०० असेल तर सातवी पिढी, ८२५० असेल तर आठवी, ११३५ असेल तर अकरावी.

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी किंवा त्यापुढची पिढी लागते. म्हणूनच सहाव्या-सातव्या पिढीचा माल आता स्वस्तात काढला जातो. बँकेचं काम करायचं असेल तर त्यात पडू नका.

बॅटरीही तपासा. दुकानदाराला "बॅटरी रिपोर्ट" काढून दाखवायला सांगा. त्यात नवी असतानाची क्षमता आणि आत्ताची क्षमता, दोन्ही आकडे असतात. आत्ताचा आकडा निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच भाव करा. गावात लाईन गेली की सगळी मदार बॅटरीवरच असते.

पैसे देण्याआधी

लॅपटॉप दुकानातच सुरू करायला लावा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये रॅम किती आणि डिस्क कोणती, सगळं दिसतं. खोक्यावरचा आकडा आणि तिथला आकडा जुळला पाहिजे. कॅमेरा, आवाज, प्रत्येक बटण आणि चार्जर लावून बघा.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. आष्टी-कारंजाकडच्या माणसाला दुरुस्तीसाठी नागपूरला जायचं म्हणजे पूर्ण दिवस मोडतो, तोही ऐन वेचणीत. घरी येऊन दुरुस्ती देणारी वॉरंटी मिळत असेल तर आपल्या गावापर्यंत माणूस येतो का, हे खात्री करून घ्या.

पक्कं बिल घ्या. त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर पाहिजे. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतला तर पुढे तक्रार करायला हातात काही राहत नाही. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे.

८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला नवा लॅपटॉप बजेटात बसत नसेल, तर ४ जीबीवर समाधान मानण्यापेक्षा याच मापाचा, आठव्या पिढीपुढचा जुना बघा. तोही आज परवडत नसेल तर पुढच्या चुकाऱ्यापर्यंत थांबा. तोवर फॉर्म मोबाईलवर नाहीतर सेवा केंद्रात भरता येतात.