भीमबेटक्याचे वनभोजन

विद्यार्थ्यांसह भोपाळहून सुमारे ४५ किलोमीटरवरील भीमबेटक्यास आम्ही गेलो, तो दिवस विसरण्याजोगा नव्हे. रातापानीच्या अरण्यातील हे शैलाश्रय १९५७ साली उजेडात आणले ते नीमचला जन्मलेल्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी. आगगाडीतून दिसलेल्या खडकांनी त्यांना तेथे ओढून नेले. (आपल्या माणसाचे नाव सांगताना मास्तराचा आवाज जरा चढतो, हे कबूल!) मुले भिंतीवरची लाल-पांढरी हरणे मोजण्यात दंग असताना एकाने चहासाठी खडकाच्या आडोशाला काटक्या पेटविल्या. वर कड्याला आग्या माश्यांची पोळी लोंबत होती. आम्ही धावत जाऊन जाळ तुडविला, बूट करपला. धूर चित्रांपर्यंत पोहोचला नव्हता, माश्याही उठल्या नाहीत. चहा राहिलाच. शिदोरी खाली रस्त्यालगत सोडली, आणि त्या मुलाला आम्ही शेजारी बसविले.