हॉपचे पहिले वर्ष

बिअरला कडवटपणा आणणारी हॉपची वेल इंग्लंडमध्ये हौशी लोक परसातही लावतात. लावायचा तो आल्या-हळदीसारखा जमिनीखालच्या खोडाचा तुकडा, आणि तोही मादी वेलीचा. पपईप्रमाणे हॉपमध्येही नर-मादी वेगळे असतात. हवे असलेले शंकूसारखे तुरे मादीवरच येतात.

वसंतात कोंब दोरीला वेढे घेत चढतात. वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने! आपला घेवडा उलटा फिरतो. शाळेच्या कुंपणावर पाहा.

मुरलेली वेल एका हंगामात पाच-सहा मीटर चढते. पहिल्या वर्षी मात्र ती बेताचीच वाढते आणि तुरे आलेच तर मूठभर. लावणाऱ्याला वाटते, काहीतरी बिघडले; तो कंटाळून वेल छाटून टाकतो. आमच्या मते खरे बिघडते ते इथे. या वर्षी पानांनी तयार केलेले बरेचसे अन्न मुळांची बैठक घालण्यात खर्च होते. शरदात पाने पिवळी पडू लागतात, तेव्हाही वेलीतला साठा खाली उतरत असतो. हिरवी वेल कापली, की पुढच्या वर्षीची शिदोरीच आपण कापतो. म्हणून ती पूर्ण वाळू द्यायची, मगच कापायची. हिवाळ्यात वर काहीच दिसत नाही. जिवंत असते ते मातीखाली.