पोलादी घड्याळ आणि त्याचे कवच

नवे पोलादी घड्याळ मनगटावर चढले, की पहिले आठ-पंधरा दिवस माणूस हात जपून वावरतो. दाराच्या चौकटीतून जाताना डावा हात अंगाशी धरतो, बसचा दांडा उजव्या हाताने पकडतो, जेवायला बसताना घड्याळ काढून ठेवतो. मग एके दिवशी ते सहज उजेडात धरले असता साखळीच्या बकलावर केसासारखी बारीक रेघ दिसते. ती कशाने पडली, केव्हा पडली, काही आठवत नाही. ज्या पोलादाच्या सुऱ्या आणि कानशी होतात त्याच्यावर इतक्या सहजासहजी चरा उमटावा, याचे नवल वाटते. आणि मग बाजारात मिळणाऱ्या संरक्षक लेपांकडे लक्ष जाते. कोणी काळा लेप सुचवतो, कोणी बाटलीतले द्रव, कोणी पारदर्शक पातळ पटल. श्रोतेहो, या लेपांनी नेमके काय साधते आणि काय साधत नाही, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम पोलादाविषयी. सुरीचे पोलाद आणि घड्याळाचे पोलाद ही एका कुळातली असली तरी त्यांचे स्वभाव निराळे आहेत. लोहार सुरी तापवून तिला पाणी देतो आणि ती कठीण होते. हे घडते ते पोलादातल्या कार्बनमुळे. घड्याळाची केस, म्हणजे यंत्र आणि तबकडी जिच्यात बसवलेली असते ती डबी, आज बहुधा ३१६ एल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पोलादाची असते. त्यात शेकडा १६ ते १८ भाग क्रोमियम, १० ते १४ भाग निकेल आणि २ ते ३ भाग मॉलिब्डेनम असते. कार्बन मात्र शेकडा ०.०३ भागाहून अधिक नसतो. अशा पोलादाला कितीही पाणी दिले तरी ते कठीण होत नाही. त्याचा गुण दुसराच आहे. त्यातल्या क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अदृश्य कातडे तयार होते. ते खरवडले गेले तरी पुन्हा आपोआप धरते, आणि म्हणून घाम, पाऊस किंवा समुद्राची खारट हवा या पोलादाला सहसा बाधत नाही. घड्याळ करणाऱ्यांनी गंजापासून मुक्ती मिळवली आणि तिची किंमत मऊपणाने चुकती केली, असे म्हणता येईल.

हा मऊपणा मोजता येतो. हिऱ्याचे चौकोनी पायाचे टोक ठराविक भाराने धातूवर दाबावयाचे आणि उमटलेल्या खळग्याचा कर्ण मोजावयाचा, ही विकर्स नावाची पद्धती १९२० नंतरच्या वर्षांत इंग्लंडमध्ये निघाली. तिच्या मापाने घड्याळाच्या पोलादाचा कठीणपणा साधारण १५० ते २२० भरतो. उलट आपल्या गारगोटीचा, ज्या खनिजाचे कण वाळूत आणि साध्या धुळीतही विपुल असतात त्या खनिजाचा, आकडा हजाराच्या वर जातो. खरा अपराधी येथे सापडतो. टेबलाच्या लाकडाने पोलादावर चरा पडत नाही; लाकूड आणि बकल यांच्यामध्ये सापडलेला धुळीचा कण तो पाडतो. उन्हाळ्यात दिल्ली किंवा जयपूर येथे वाऱ्यावर उडणाऱ्या मातीत असे कण असतात, कोकणच्या पुळणीवर असतात, आणि शहरात घराशेजारी इमारत उठत असेल तर उशीच्या अभ्य्रावरसुद्धा असतात. घड्याळावरच्या काचेचे मात्र तसे नाही. आजच्या चांगल्या घड्याळांना कृत्रिम नीलमण्याची काच असते आणि तिचा आकडा २,००० च्या आसपास येतो. म्हणून दहा वर्षे वापरलेल्या घड्याळाची काच पाण्यासारखी निर्मळ आणि तिच्याभोवतीचे कडे चऱ्यांनी भरलेले, असे दृश्य वारंवार दिसते.

तेव्हा लेप खरोखर उपयोगी पडावयाचा तर तो गारगोटीहून कठीण हवा. एवढी एक कसोटी मनाशी ठेवली तर बाजारातला पुष्कळसा गोंधळ निवळतो.

या कसोटीला निःसंशय उतरणारे लेप निर्वात पेटीत चढवले जातात. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी रंगाची ड्रिलची पाती आपण पाहिली असतील. तो सोनेरी रंग टायटॅनियम नायट्राइडचा. धातू कापण्याच्या हत्यारांचे आयुष्य वाढवणारी ही विद्या पुढे घड्याळांच्या कामी आली. ती अशी : केस आतून-बाहेरून अगदी निर्मळ धुवून पेटीत ठेवतात, हवा काढून घेतात, आणि आरगॉन वायूच्या विद्युतभारित कणांचा मारा करून तिच्यावरची उरलीसुरली घाण उडवतात. नंतर विजेच्या साहाय्याने टायटॅनियमची वाफ करतात आणि मोजका नायट्रोजन आत सोडतात. दोहोंचा संयोग होऊन कणाकणाने थर बसतो. नायट्रोजनऐवजी कार्बन असलेला वायू वापरला तर रंग काळसर येतो. हिऱ्याच्या आणि ग्रॅफाइटच्या रचनेचा मिलाफ असलेला, केवळ कार्बनचा असा आणखी एक काळा थर असतो. त्याला 'हिऱ्यासारखा कार्बन' असेच म्हणतात. यांचा कठीणपणा सामान्यतः २,००० च्या आसपास, कधी त्याहून पुष्कळ वर जातो. धुळीच्या कणाचे त्यांच्यापुढे काही चालत नाही.

मग प्रश्न सुटला असे का म्हणू नये? कारण हा थर दोन-तीन मायक्रॉनांचा असतो. आपल्या डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा. यावरून कल्पना यावी. एवढा पातळ थर बसलेला असतो तो त्याच मऊ पोलादावर. धुळीने घासले तर थर टिकतो. पण घड्याळ दगडी कट्ट्याच्या कोपऱ्यावर आपटले, तर खालचे पोलाद दबते, वरचा कठीण थर त्याच्याबरोबर वाकू शकत नाही आणि तडकतो. गादीवर काच अंथरून तिच्यावर टाच देण्यासारखेच ते आहे. काळ्या लेपातून पांढरे पोलाद डोकावू लागले, की ते साध्या पोलादावरच्या चऱ्यापेक्षा अधिक डोळ्यांत भरते.

आपल्या घरांतून पूर्वी पितळी भांड्यांना कल्हई होत असे. ती झिजे, पण कल्हईवाला भाता आणि नवसागर घेऊन दारात येई आणि घटकाभरात भांडी पुन्हा लख्ख करून देई. निर्वात पेटीतल्या लेपाला असा कल्हईवाला नाही. खराब झालेल्या जागेपुरता तो लावता येत नाही. सगळा थर रसायनांनी उतरवून केस पुन्हा पेटीत घालावी लागते. उघड्या पोलादावरचा चरा मात्र घड्याळजी पॉलिश करून काढू शकतो, आणि बारीक समांतर रेघांची जिल्हई असेल तर मऊ अपघर्षक कापडाने त्या रेघांच्या दिशेने हलके घासूनही तो पुष्कळसा मिसळून जातो. पॉलिशनेही धातू कमी होतोच, कडा गोल होतात, म्हणून तेही उठल्यासुटल्या करू नये. तरीपण दुरुस्तीची वाट तेथे खुली असते आणि लेपाच्या बाबतीत ती जवळजवळ बंद होते, हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो.

थर तडकतो तो खालचे पोलाद मऊ असल्यामुळे. मग पोलादच वरून कठीण का करू नये, असा विचार काहींनी केला. नेदरलँड्समध्ये विकसित झालेल्या एका पद्धतीत कार्बनचे अणू पोलादाच्या पृष्ठभागात मुरवतात. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरते तसे ते वीस-तीस मायक्रॉन खोल जातात, आणि हे काम तुलनेने कमी उष्णतेवर होत असल्याने क्रोमियमचे गंजरोधक कातडे शाबूत राहते. यात वेगळा असा थर नसतो, तेव्हा सुटून येण्यासारखे काही उरत नाही; कठीणपणा पृष्ठभागापासून आत उतरत उतरत कमी होत जातो. जर्मनीतील फ्रँकफर्टची झिन ही कंपनी अशा रीतीने कठीण केलेल्या पोलादाची घड्याळे विकते. तिचा आकडा १,२०० चा आहे, आणि काळा लेप द्यावयाचा असल्यास ती तो अशा पोलादावर चढवते. पाया भक्कम करून मग भिंत उभारावी, तसा हा प्रकार. नवे घड्याळ घेणाऱ्याने लेपाचा रंग पाहण्यापूर्वी खालचे पोलाद कठीण केलेले आहे काय, हा प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा. पोलादाचा नादच सोडून देणारेही झाले. स्वित्झर्लंडच्या राडो कंपनीने १९६२ साली टंगस्टन कार्बाइडपासून केलेल्या कठीण धातूचे 'डायास्टार' घड्याळ बाजारात आणले. त्याची केस चऱ्यांना दाद देत नसे. पण असे पदार्थ पोलादासारखे चिवट नसतात, आणि जबर आघात झाला तर दबण्याऐवजी फुटू शकतात.

आता ज्या वस्तूंची जाहिरात सर्वांत मोठ्या आवाजात होते, त्यांच्याकडे वळू. लहानशा बाटलीत सिलिकायुक्त द्रव असते. कापडाने घड्याळावर फिरवा, वाळू द्या, आणि '९ एच' कठीणपणाचे कवच तयार, असे तिच्यावर लिहिलेले असते. नऊ हा आकडा वाचून शाळेत शिकलेली मोहस यांची श्रेणी आठवते, तिच्यात दहाव्या स्थानी हिरा आणि नवव्या स्थानी माणिक-नीलमण्यांचे कुरुविंद, आणि ग्राहकाची समजूत होते की घड्याळावर नीलमणीच पसरला. वस्तुतः हा 'एच' पेन्सिलीवरचा आहे. रंगाचा किंवा वार्निशाचा थर तपासताना ठराविक भाराखाली पेन्सिल ४५ अंशांत तिरकी धरून पुढे ढकलतात आणि कितव्या क्रमांकाच्या पेन्सिलीने थर खरवडला जातो ते पाहतात. ९ एच म्हणजे चित्रकाराच्या संचातल्या अत्यंत कठीण पेन्सिलींपैकी एक. तिचे शिसे झाले तरी ग्रॅफाइट आणि चिकणमातीचे. तिला टिकणारा थर गारगोटीलाही टिकेल, असे मुळीच सिद्ध होत नाही. या द्रवाने पाणी आणि तेलकटपणा लवकर ओघळतो, बोटांचे ठसे कमी उठतात, हे खरे; तेवढ्यासाठी कोणाला ते हवे असेल तर घ्यावे. चऱ्यांवरचा उपाय म्हणून त्यावर पैसे खर्च करणे मला योग्य वाटत नाही. पारदर्शक नखरंग लावणाऱ्यांचीही हीच गत. स्वस्त घड्याळाच्या पाठीवरचे निकेल कातडीला बाधू नये म्हणून काही दिवस तो उपयोगी पडतो. पुढे त्याचे पापुद्रे निघतात.

यापेक्षा एक नाजूक गोष्ट सांगावयाची आहे. अनेक घरांत वडिलांचे किंवा आजोबांचे घड्याळ असते : १९६१ पासून बंगळूरला होऊ लागलेल्या एच.एम.टी. घड्याळांपैकी एखादे, किंवा निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी दिलेले, पाठीवर नाव आणि तारीख कोरलेले. ते जपावे या सद्भावनेने मुलगा ते लेप देणाऱ्याकडे सोपवतो. अशा वेळी हे ध्यानात असावे, की दोन-तीन मायक्रॉनांचा लेप जुने चरे बुजवत नाही. ते जसेच्या तसे वर उमटतात. म्हणून लेपापूर्वी केस घासून सपाट करतात, आणि त्या घासण्यात कोरलेली अक्षरे, कडांची धार, कारखान्याची खूण ही सारी पुसट होण्याचा किंवा नाहीशी होण्याचा संभव असतो. निर्वात पेटीत उष्णताही बरीच असते. यंत्र, काच, रबरी वॉशर सगळे अगोदर काढावे लागते, आणि पुन्हा जुळवताना कसूर राहिली तर पाणी आत शिरते. जुनी केस पितळेची आणि वर क्रोमचा मुलामा असलेली निघाली, तर काम आणखीच अवघड होते. ज्या घड्याळाची किंमत त्याच्यावरच्या अक्षरांत आहे, त्याला हा संस्कार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वडिलांच्या हातून पडलेले चरेही त्या अक्षरांच्याच पंक्तीला बसतात.

मग रोजच्या वापरातल्या साध्या पोलादी घड्याळाला काहीच करता येत नाही काय? येते. मोटारगाडीच्या रंगावर लावतात त्या जातीचे पॉलियुरेथेनचे पारदर्शक पटल आता घड्याळाच्या मापाने कापून मिळते. ते कठीण नसते, मऊच असते. चरा ते स्वतःच्या अंगावर घेते, आणि खराब झाले की काढून दुसरे लावता येते. लेपाशी तुलना करता ते दिसायला सामान्य, कडेला किंचित उठून दिसणारे. पण मागे फिरण्याची मुभा देणारे आहे. वळणदार केसवर ते नीट बसत नाही. बकलाच्या सपाट भागावर मात्र छान बसते, आणि लिहिताना किंवा संगणकावर काम करताना टेबलावर तोच भाग सतत घासला जातो. पटल लावण्यापूर्वी घड्याळ पाणी न शिरणारे आहे याची खात्री करून, साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी ते धुवावे. धुळीचा एक कण जरी खाली राहिला तरी तेथे फुगवटा धरतो.

पटल वर्षानुवर्षे तसेच ठेवू नये. त्याच्या कडेखाली घामाचे मीठ साचते, तेथे हवा पोचत नाही, आणि प्राणवायूवाचून पोलादाचे ते अदृश्य कातडे पुन्हा धरत नाही; अशा सांदीत चांगल्या पोलादालाही बारीक खड्डे पडू शकतात. दर काही महिन्यांनी कोमट पाण्याने पटल सैल करून एका कडेने सावकाश सोलावे. राहिलेला चिकटपणा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. मात्र जुन्या घड्याळांची प्लॅस्टिकची काच असेल तर तिला स्पिरिट लागू देऊ नये, ती बारीक तडकून धुरकट होते. चामड्याचा पट्टा असेल तर तोही आधी काढून बाजूला ठेवावा.