सिंगालीलात परतलेले लाल पांडे

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत दार्जिलिंगला गेलेल्या मराठी पर्यटकाच्या यादीत टायगर हिल, खेळण्यासारखी छोटी रेल्वे आणि पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालय ही तीन ठिकाणं हमखास असतात. प्राणिसंग्रहालयाच्या वाट्याला तासभर येतो. त्यात हिमबिबळ्या आणि लाल पांडा पाहायचा, शेजारच्या गिर्यारोहण संस्थेत एव्हरेस्टवीर तेनझिंग नोर्गेच्या आठवणी पाहायच्या आणि गाडीत बसायचं. या प्राणिसंग्रहालयाचं खरं मोठेपण मात्र त्या तासाभरात दिसत नाही.

१९५८ साली, सुमारे सात हजार फुटांवर हे प्राणिसंग्रहालय सुरू झालं. पश्चिम बंगालच्या राज्यपाल राहिलेल्या पद्मजा नायडूंचं नाव त्याला १९७५ मध्ये मिळालं. ते मुख्यतः हिमालयातल्या प्राण्यांसाठी असल्यामुळे लाल पांडा इथे आपल्याच हवेत, आपल्याच उंचीवर राहतो. मुंबईच्या दमट उकाड्यात तो ठेवणं म्हणजे त्याचे हाल करणं. कोणत्या संग्रहालयाने कोणता प्राणी सांभाळावा, याचं उत्तर आधी हवामानाला विचारायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

नेपाळीत ‘हाब्रे’ म्हणतात तो लाल पांडा तीन ते सहा किलोंचा. पचनसंस्था मांसाहाऱ्याची, पण आहार मुख्यतः बांबूचा. बांबू नीट पचत नाही, म्हणून दिवसातला बराच वेळ खाण्यात जातो. शिवाय त्याला हवा असतो थंड डोंगरातला ठरावीक जातींचा बांबू. जंगल तुटलं, गुरं चरली, रस्ता गेला, की बांबूचे पट्टे तुटतात आणि पांड्यांचे छोटे छोटे गट एकमेकांपासून तुटून पडतात. प्रौढ लाल पांडे जगात दहा हजारांपेक्षा कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. २०१५ पासून त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे.

दार्जिलिंगमध्ये त्याच्या प्रजननाचं काम गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात उभं राहिलं. मादी वर्षातून एकदाच, साधारण पावसाळ्याच्या तोंडाला विते. बहुधा दोनच पिल्लं होतात. वर्दळीने ती बिथरली, तर पिल्लं तोंडात धरून जागा बदलत राहते आणि त्यात ती दगावतात. म्हणून प्रजननाची जोडपी लोकांच्या नजरेआड, संग्रहालयाच्या तोपकेदारा इथल्या प्रजनन केंद्रात ठेवली जातात. जोड्या जुळवताना वंशावळीची वही उघडावी लागते. जगभरच्या संग्रहालयांतल्या लाल पांड्यांची अशी नोंदवही नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयाने सांभाळली आहे. जवळच्या नात्यात संकर होऊ नये, म्हणून युरोपातल्या संग्रहालयांतून दार्जिलिंगला पांडेही आणले गेले.

पुढची परीक्षा जंगलात होती. २००३ मध्ये स्वीटी आणि मिनी या संग्रहालयात जन्मलेल्या दोन माद्या गळ्यात रेडिओ कॉलर घालून दार्जिलिंग जिल्ह्यातल्या सिंगालीला राष्ट्रीय उद्यानात सोडल्या. मिनी शिकारी प्राण्याच्या तोंडी गेली. स्वीटी जगली, रानातल्या नराशी तिचं जुळलं आणि तिला पिल्लू झालं. दोघींपैकी एक गेली म्हणून हा प्रयोग फसला, असं मी म्हणणार नाही. पिंजऱ्यात जन्मलेली मादी रानात आई होऊ शकते, हे त्या एका पिल्लाने सिद्ध केलं. अलीकडे तिथे पुन्हा पांडे सोडले जाऊ लागले आहेत.

पण सोडलेला पांडा जगणार कशावर? बांबू टिकला पाहिजे आणि जंगलालगतच्या गावांतल्या कुत्र्यांना लस मिळाली पाहिजे, कारण कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूजन्य आजार पांड्याचा जीव घेतो. संग्रहालयाचं संवर्धन कुंपणाबाहेर जातं ते इथे, आणि पैसा व माणसं सर्वांत कमी पडतात तीही इथेच. वाघाच्या पिंजऱ्यापुढे गर्दी होते. कुत्र्यांच्या लसीकरणापुढे कोण उभं राहणार?

आपल्याला हातभार लावायचा, तर दार्जिलिंगला प्राणी दत्तक घेण्याची योजना आहे. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही बंदिस्त प्राण्यांसाठी ती आहे. कुटुंबाने, गृहसंस्थेने, शाळेच्या एखाद्या वर्गाने वर्गणी काढून तीत जरूर भाग घ्यावा. मात्र पैसे देताना दोन प्रश्न विचारावेत: इथे जन्मलेल्या प्राण्यांची वंशावळ लिहिली जाते का, आणि त्यांच्यासाठी जंगलात काय काम चालू आहे? उत्तर मिळालं, तर हात आखडता घेऊ नका. आणि यंदा दार्जिलिंगला गेलात, तर पांड्याच्या कुंपणापाशी आवाज न करता थांबा, काच ठोठावू नका, मुलांनाही ठोठावू देऊ नका.